पायानं मोजलेला ठेका

अंधेरी, मुंबई
१७ जानेवारी १९८८

प्रिय तात्या,

तुम्हाला आणि रंभाकाकूला जयभीम. काकूने पाठवलेला आंबेमोहोर पोचला. हॉस्टेलात चूल पेटवायला बंदी आहे, पण नुसत्या वासानेच शेजारच्या मुली माझ्या खोलीशी घुटमळायला लागल्या आहेत.

नोकरी चांगली चालली आहे, असं गेल्या आठवड्यापर्यंत लिहिलं असतं. कॅसेटच्या कारखान्यात माझं काम तपासणीचं. कानाला हेडफोन लावून दिवसभर ऐकत बसायचं. कुठे खरखर आहे, कुठे आवाज दबला आहे, कुठे टेप तुटून जोडली आहे, असं काही सापडलं की कार्डावर लिहायचं आणि माल बाजूला ठेवायचा. आठ महिन्यांत माझी एक चूक निघाली नव्हती, त्यामुळे नाक जरा वर झालं होतं.

मग एका बँडची कॅसेट आली. इथल्याच गावठाणातली चार ख्रिस्ती मुलं आहेत, घरी मराठीच बोलतात, फक्त आपल्यापेक्षा वेगळ्या वळणाची. ती 'मेटल' नावाचं संगीत वाजवतात. तुम्हाला कसं सांगू? खडी फोडायचं मशीन चालू आहे आणि त्याच्या शेजारी उभं राहून कुणीतरी फार मनापासून भांडतंय, असं पहिल्यांदा वाटतं. गिटारचा आवाज मुद्दाम फाडलेला. ढोलवाला एकटाच सात-आठ ढोल आणि झांजा मांडून बसतो, आणि खालचे दोन मोठे ढोल दोन पायांनी वाजवतो.

त्यात अकरा मिनिटांचं एक गाणं आहे. त्याचा ठेका दर वेळी जरा आधीच परत यायचा. एक, दोन, तीन करत तो आठपर्यंत जाईल म्हणून मी वाट बघायची, आणि आठवा यायच्या आतच पहिला येऊन धडकायचा. मला वाटलं, टेपचे तुकडे गळालेत. कार्डावर लाल शाईने लिहिलं, 'टेप जागोजागी कापलेली. माल बाद.' साहेबांनी सगळा माल थांबवला.

शनिवारी त्यांचा ढोलवाला आला, नेव्हिल म्हणून. ओरडेल असं वाटलं होतं. तो जिन्यात बसला, मांडीवर थापा मारत मोजून दाखवलं आणि म्हणाला, "कापलेलं नाही ते. सातच आहेत. आठ महिने घासलेत आम्ही हे सात." तो मोजत होता तोवर मलाही सात ऐकू आले. तो थांबला की माझ्या कानाला पुन्हा कापलेलं.

माल सुटला, साहेब हसले, नोकरी शाबूत आहे. पण तात्या, मला फार लाज वाटली. ऐकणं हेच माझं काम आणि मला ऐकू येत नाही.

आई एकदा म्हणाली होती, तुम्ही हलगी वाजवायचात आणि उभ्या खोऱ्यात तुमच्यासारखा हात नव्हता. अण्णा घरात आल्यावर ती गप्प बसली. हलगीत असं सातचं काही असतं का? ते कानाला कसं कळतं? मी विचारलं हे अण्णांना कळू देऊ नका.

तुमची,
विशाखा


कोळवण
२९ जानेवारी १९८८

चि. विशाखा,

जयभीम. आम्ही दोघं बरी आहोत. भात विकून झाला, आता शाळा आणि म्हैस एवढंच काम.

तुझी आई फार बोलते. हलगी मी वाजवायचो हे खरं, पण त्याला तीस वर्षं झाली. तिला पुन्हा हात लावणार नाही, असा मी तुझ्या अण्णाला शब्द दिला आहे, आणि लावलेला नाही. आता शिपाई म्हणून शाळेची घंटा तेवढी बडवतो. तिला ताल नसतो. तुझे ते सात-आठ मला काही आठवत नाहीत. विसरलं ते विसरलं.

त्या पोराचं म्हणणं मान. माल त्याचा आहे, त्याला माहीत असणार.

तुझी काकू शेजारी बसली आहे. ती म्हणते, "खोटं नका लिहू. भाकर तव्यावर असंस्तवर ताट कोण वाजवतंय, त्ये बी लिवा. जित्याची खोड हाय ती." तिच्या समाधानासाठी लिहिलं.

अण्णाला बरं वाटेल असंच वागत जा. माझ्या या दादाने आपल्या सगळ्यांसाठी पुष्कळ सोसलं आहे. माझं मी सांगत नाही, पण आज मी खुर्चीवर बसून कागदावर पत्र लिहितोय ते त्याच्यामुळे.

तुझा,
तात्या


अंधेरी
६ फेब्रुवारी १९८८

प्रिय तात्या,

काकूला सांगा, ती माझ्या बाजूची आहे हे वाचून मी दोन दिवस खुशीत होते.

तुम्ही विसरला असाल तर विसरलात. मी हट्ट करत नाही. फक्त ती कॅसेट याच पाकिटात घालून पाठवते आहे. तिच्यावर मी लाल खूण केली आहे, ती माझ्या मूर्खपणाची. तुम्ही हलगीला हात लावणार नाही असा शब्द दिला आहे. कॅसेट ऐकणार नाही असा दिलेला नाही. एकदा ऐका आणि फक्त एवढं लिहा की ती कापलेली वाटते की पुरी वाटते.

नेव्हिलने मला त्यांच्या सरावाला बोलावलं होतं. चर्चच्या मागे एक हॉल आहे, तिथे भिंतीला गोणपाटं लावून ते वाजवतात. दोन तास बसले. कानात दडे बसले, पण मजा अशी झाली की त्या गोंगाटात मला अचानक एकेक गोष्ट दिसायला लागली. तो हातांनी एक वाजवतो आणि पायांनी दुसरंच. गिटारवाला तिसऱ्याच मोजणीवर. तरी कुणी कुणाच्या अंगावर पडत नाही. मध्येच नेव्हिलच चुकला आणि सगळे थांबले. एका जागी तो नेहमी चुकतो, म्हणे. गिटार वेगळी पळते तिथे त्याला आपला पहिला ठोका सापडत नाही. 'डोक्यात मोजतो आणि डोकंच गळपटतं,' असं तो म्हणाला.

मला बरं वाटलं. चुकणारी मी एकटी नाही.

विशाखा


कोळवण
२ मार्च १९८८

चि. विशाखा,

तुझ्या कॅसेटीने गावात काय केलं ते आधी ऐक, आणि मग मला बोल लाव.

टेप वाजवायचं यंत्र इथे वाल्मीककडे. त्याचा लाऊडस्पीकर लग्नाकार्याला भाड्याने जातो. मी त्याला म्हटलं, बाबा, ही जरा हळू आवाजात लाव, मला एकट्याला ऐकायची आहे. त्या दिवशी गेणबाच्या पुतण्याचं लग्न होतं, मांडवासमोर चिंचेवर कर्णा बांधलेला. वाल्मीकने कॅसेट घातली आणि कर्ण्याची तार काढायला विसरला.

पोरी, अख्ख्या खोऱ्याने ऐकलं. म्हशी दावं तोडून पळाल्या. पंगतीतली माणसं हातात घास घेऊन उभी राहिली. लीलाबाई म्हातारी ओरडत आली, "आरं, धरनाचा दरवाजा फुटला का काय?" वाल्मीक घाबरून बंद करायला धावला, तर मी त्याचा हात धरला. का धरला ते मला सांगता येत नाही. म्हटलं, राहू दे.

मग लोक हसायला लागले, कारण मी मांडवाच्या कडेला सायकल धरून जागच्या जागी चालत होतो.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माफ कर, मागच्या पत्रात मी विसरलो असं लिहिलं. झाकली मूठ ठेवायची होती. काही विसरलेलो नाही.

हलगीवाला बसून वाजवत नाही. नवरदेवापुढे असो नाहीतर मयतापुढे, तो चालत वाजवतो. म्हणून आमचं मोजणं डोक्यात नसतं, पायात असतं. एक ठोका, एक पाऊल. तू उजव्या पायाने सुरुवात कर. आठचा ठेका असेल तर दर फेरीला पहिला ठोका उजव्याच पायावर येईल. तुझे कान त्यालाच सवकलेत. सात असतील तर दुसरी फेरी डाव्या पायावर सुरू होते. तिसरी पुन्हा उजव्यावर. म्हणजे चौदा पावलांनी माणूस घरी येतो. तुला जे कापलेलं वाटतं ना, तो पाय बदलतो आहे. कापलेलं काही नाही. पुरं आहे.

पुढे गिटारवाला वेगळा पळतो म्हणतेस, तिथे तो चारचं चक्र धरतो, आणि तुझा नेव्हिल सातचं सोडत नाही. दोघं एका पावलावर निघतात, लगेच फाटतात आणि अठ्ठावीस पावलांनी पुन्हा भेटतात, तेही उजव्याच पायावर. मी तीन वेळा चालून पाहिलं. त्याला सांग, मधल्या वाटेत दुसऱ्याकडे बघू नकोस, आपले पाय चालव. तो येतो भेटायला.

आणखी एक. नवव्या मिनिटाला सगळे एकदम थांबतात. तिथे पाच पावलं कुणी काही वाजवत नाही. पण चालणं चालू असतं बघ. पाच आहेत म्हणून परत येतात ते उलट्या पायावर, आणि अंगावर काटा येतो. चार ठेवली असती तर काही झालं नसतं. ज्याने ती पाच ठेवली त्याला माझा जयभीम सांग.

दोन पायांनी दोन ढोल वाजवतो हे वाचून मला आधी खोटं वाटलं होतं. आता ऐकलं. त्याचा डावा पाय उजव्यापेक्षा हलका पडतो, त्याच्यावर मेहनत घ्यायला सांग.

पायांबद्दल मी तुझ्या अण्णाला शब्द दिलेला नाही. तरी त्याला हे कळू नये.

तात्या


अंधेरी
१४ मार्च १९८८

प्रिय तात्या,

तुमचं पत्र मी त्यांच्या हॉलमध्ये उभी राहून वाचून दाखवलं. मग नेव्हिलने काठ्या खाली ठेवल्या आणि त्या लांबलचक हॉलमध्ये चालायला लागला. मी त्याच्या मागे, माझ्या मागे गिटारवाला. तिघंही तोंडाने आपापलं मोजत चाललो होतो. अठ्ठावीस पावलं झाली आणि आम्ही तिघंही एकदम 'एक' म्हणालो, उजव्या पायावर. नेव्हिल खाली बसला आणि हसतच राहिला. त्यानंतर तो ते गाणं चार वेळा पुरं वाजवून गेला, एकदाही न अडखळता.

ती पाच पावलांची शांतता त्याचीच. आजवर एकानेही ती ओळखली नव्हती. बँडमधले पण ती अंदाजाने घेत होते. आणि डाव्या पायाचं ऐकून त्याने मला विचारलं, हे तुमच्या काकांना लग्नाच्या कर्ण्यावरून ऐकू आलं?

तात्या, आता मला ऐकू येतं. फक्त ते गाणं नाही. काल भजनाची कॅसेट तपासताना पखवाजवाला कुठे पाय बदलतोय ते कळलं. टेबलाखाली माझे पाय चालू असतात आणि शेजारची मला हसते. हे तुम्ही मला दिलंत. सरळ सांगते, मला फार सुख झालं.

आता मागणं. गुड फ्रायडेला जोडून तीन दिवस सुट्टी आहे. नेव्हिलला तुम्हाला भेटायचं आहे. मला घेऊन एक दिवस कोळवणला येऊ का म्हणतो. हलगी कुठून तरी मिळेलच. त्याला तुमचा हात बघायचा आहे. मलाही. तुम्ही वाजवाल ना? अण्णांना कळायचं कारण नाही.

विशाखा


कोळवण
२४ मार्च १९८८

चि. विशाखा,

तुम्ही येऊ नका. आलात तर जेवायला घालीन, खाचरं दाखवीन, पण वाजवणार नाही. तुला राग येण्याआधी कारण वाच.

आपण धम्म घेतला त्याच्या दुसऱ्या वर्षी वस्तीने ठरवलं की गावकीची कामं बंद. मेलेलं ढोर ओढणं बंद, सांगावा घेऊन उन्हातान्हात पळणं बंद, लग्ना-मयताला वाजवणं बंद. ठरवणाऱ्यांत पुढे तुझा अण्णा, पंचवीस वर्षांचा. गावाने आमचं पाणी, दळण, मजुरी सगळं तोडलं. आठ महिने आम्ही कंद आणि खेकड्यांवर काढले. माझं वय अठरा. ढोरं सुटली याचा मला आनंद होता. हलगीचं मात्र कुणाशी बोलता येईना. ती मला आवडायची, विशाखा. कुणी वाजवायला लावलं म्हणून नाही, मलाच आवडायची.

तशात पौडकडे कुस्त्यांचा फड भरला. मी हलगी पोत्यात घालून गुपचूप गेलो आणि वाजवली. दुपारभर वाजवली. इकडे गावात बोभाटा झाला की साहेबराव भाषणं ठोकतो आणि भाऊ फडात वाजवतो. ज्यांनी आमचं पाणी तोडलं होतं ते त्याच्या तोंडावर हसले.

तो चालत पौडला आला. मी त्याला गर्दीत पाहिला. त्याने मला थांबवलं नाही. शेवटची कुस्ती सुटेपर्यंत तो उभा राहून ऐकत होता. मग मला नदीवर घेऊन गेला. मारेल म्हणून मी अंग चोरलं. त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, "कोंडिबा, तुला वाजवताना बघून मला बी ग्वाड वाटलं. म्हनूनच सांगतुया. आपल्याला जे ग्वाड वाटतं, त्येच धरून ही मानसं आपल्याला राबवत्यात. हात लावनार न्हाई म्हन." मी म्हटलं. हलगी त्याने पाण्यात सोडली. माझ्यापेक्षा तोच जास्त रडला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने मला पाटीवर अक्षरं गिरवायला बसवलं. त्याच्यामुळे मी सातवी झालो आणि शाळेत लागलो.

आता सांग, हा शब्द मोडून मी तुझ्या पाहुण्याला हात दाखवू? तो माझ्या भावाला उभ्या आयुष्यात एकदाच दिलेला शब्द आहे. तू 'अण्णांना कळायचं कारण नाही' लिहिलंस, ते मला आवडलं नाही. मी कर्ण्याजवळ चाललो तेवढंच पुष्कळ झालं, आणि तेही त्याच्यापासून लपवलं म्हणून आता मनाला लागलं आहे.

नेव्हिलला आशीर्वाद सांग. काकू विचारते, त्याची आई काय करते. मी विचारत नाही.

तात्या


अंधेरी
५ एप्रिल १९८८

प्रिय तात्या,

नेव्हिलला मी नाही म्हणून कळवलं आणि सुट्टीला एकटीच देहूरोडला घरी जाऊन आले. आता जे लिहिते ते वाचून मला रागवा, पण पत्र पुरं वाचा.

शुक्रवारी जेवताना अण्णांनी सहज विचारावं तसं विचारलं, "कोंडिबा गेनबाच्या मांडवापुढं नाचला म्हनं?" तिकडच्या लग्नाला गेलेल्या कुणीतरी कामावर, डेपोत त्यांना सांगितलं होतं, आणि 'नाचला'चं 'हलगी वाजवली' व्हायला वेळ लागला नव्हता. अण्णांचा घास हातातच होता. ते चिडले नव्हते, तात्या. ते घाबरल्यासारखे दिसत होते. इतकी वर्षं जपलेलं काहीतरी हातून पडलं की काय, असे.

मला तुमच्यावर खोटा आळ राहू द्यायचा नव्हता. पिशवीतून तुमची तिन्ही पत्रं काढली आणि जेवणावरच वाचून दाखवली. एकही ओळ गाळली नाही, काकूचं ताटाचं पण नाही. पौडच्या फडापाशी मी पत्र आईच्या हातात दिलं, पुढचं तिने वाचलं.

अण्णांनी हात धुतला, टोपी घातली आणि विहाराकडे गेले. अंधार पडायच्या आत आले. शनिवारी, रविवारी पण त्यांनी विषय काढला नाही. मी निघताना फक्त म्हणाले, "ती पत्रं हितं ठिवून जा." मी ठेवून आले.

मी तुमचा विश्वास मोडला का, हे मला ठरवता येत नाही. तुम्ही सांगा. तुमच्यात आणि त्यांच्यात माझ्यामुळे काही आलं तर मी तो गोंगाट पुन्हा कधी ऐकणार नाही.

विशाखा


देहूरोड
१७ एप्रिल १९८८

आयुष्मान कोंडिबा,

जयभीम. इथे जयंती चांगली झाली. माझी पेन्शनची कागदपत्रं पुढच्या वर्षी सुरू होतील.

पोरीने तुझी पत्रं वाचून दाखवली. नंतर मी स्वतः चारदा वाचली. तुझं अक्षर सुधारलं आहे.

मी फडात शेवटपर्यंत उभा होतो हे तू पाहिलंस, हे मला आजवर माहीत नव्हतं. मला वाटत होतं, मी मागे होतो, तुला दिसलो नसेन. तुला दिसलो होतो आणि तीस वर्षं तू मला ते बोलून दाखवलं नाहीस. त्या वेळी त्या लोकांशी आपलं जे भांडण होतं ते मी जिंकलो, असं मी समजतो. तुझ्याशी मी काय केलं, याचा विचार करायची सवड मला डेपोने दिली नाही, किंवा मीच घेतली नाही.

रविवारी २४ तारखेला सकाळच्या एस.टी.ने येतो. राहणार नाही, चारच्या गाडीने परतेन. रंभाबाईला सुकटीचं कालवण करायला सांग. जास्त काही करू नये.

तुझा भाऊ,
साहेबराव


कोळवण
२६ एप्रिल १९८८

चि. विशाखा,

तू विश्वास मोडला नाहीस. मोडला असशील तर बरं केलंस. आता रविवारचं लिहितो, घाईने लिहितोय, कारण शाळेच्या परीक्षा चालू आहेत.

सकाळी आम्ही ओढ्याच्या खाचरात भाताच्या रोपांसाठी राब भाजत होतो. पालापाचोळा, शेणी पेटवून वर माती सारली होती, धूर निघत होता. एस.टी. थांबल्याचा आवाज आला. दादा बांधावरून येताना दिसला. पांढरा सदरा, टोपी, आणि काखेत धोतरात बांधलेलं काहीतरी गोल. मला वाटलं, तुझ्या आईने परात पाठवली.

त्याने येऊन ते माझ्यापुढे ठेवलं आणि गाठ सोडली. हलगी होती, विशाखा. आणि उजव्या हाताचं टिपरू, डाव्या हाताची बारीक काडी. तो पहाटे निघून वाटेवरच्या माण गावी गेला होता, तिथल्या भिकू वाजंत्र्याकडून मागून आणली होती. तुझा अण्णा, ज्याने आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही, तो भिकूच्या दारात बसून हलगी मागून आला. म्हणाला, "सांजच्याला परत द्यायची कबूल केलंया."

मी हात मागे घेतले. म्हटलं, दादा, शब्द दिलाय. तू म्हणतोस म्हणून आता वाजवू का? तेव्हाही तूच म्हणालास म्हणून सोडली.

तो खाली बसला. मग जे बोलला ते मी जसंच्या तसं लिहितो. "व्हय, तवा मी बोललो म्हनून सोडलीस. आज मी बोललो म्हनून उचलू नगं. गावानं सांगितलं म्हनून वाजवायची न्हाई, भावानं सांगितलं म्हनून बी न्हाई. तुझा शब्द मी तुला परत दिला. आता हात तुझं हायेत. तुला वाटलं तर वाजीव, न्हाई तर ही चारच्या गाडीनं माघारी जाईल."

काकू शेणामातीचे हात तसेच घेऊन उभी होती. मी हलगी उचलली. नुसतं बोट मारून पाहिलं, तर कातडं थंड आणि ढिलं, एस.टी.च्या प्रवासात आणखी उतरलेलं. थंड हलगी बोलत नाही, ती आधी शेकावी लागते. आमच्या लहानपणी बाप वाजवायचा आणि शेकायचं काम दादाचं असायचं. लग्नाच्या मांडवाबाहेर, मयताच्या पुढे, कुठेही, वाळल्या गवताचा जाळ करून तो बसायचा, आणि येणारे जाणारे त्याला काय काय बोलायचे. त्या कामाचा त्याला किती तिटकारा होता ते मला माहीत आहे. त्या जाळावरच त्याने मोठेपणी काय करायचं ते ठरवलं असणार.

त्याने माझ्या हातातून हलगी घेतली. पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, राबाची माती काठीने बाजूला केली, फुंकर घालून निखारे फुलवले आणि उकिडवा बसून ती शेकायला लागला. जवळ नेऊन, लांब नेऊन, फिरवत, मधून बोटाने वाजवून कान लावत. हात अजून पक्का होता. डोळ्यांत धूर गेला म्हणून पुसत होता. मी काही धुराची वाट बघितली नाही, मी तसाच रडलो.

मग वाजवली. पहिल्यांदा हात आला नाही. डावी काडी दोनदा निसटली, काकू हसली. मी सात धरला, तुझ्या नेव्हिलचा, आणि बांधावरून चालायला लागलो, तेव्हा हात पायांच्या मागे येऊ लागले. दादा माझ्यामागे चालला. त्याला मोजता येत नाही. आठव्यालाच पाय टाकायचा आणि धडपडायचा, ढेकळांत दोनदा बसला, तरी उठून मागे येत होता. चौदा पावलं त्याला एकदाच जमली. तेवढ्यावर तो लहान पोरासारखा खूश झाला आणि काकूला ओरडून म्हणाला, "रंभे, आलो बघ घरी."

जेवायचं राहूनच गेलं. तीन वाजता कातडं पुन्हा उतरलं, आवाज बसला. मी टिपरू खाली ठेवलं आणि धोतर पुढे केलं, की बांध आता, गाडी येईल. त्याने घड्याळ पाहिलं.

"चारला अजून येळ हाय," तो म्हणाला. "आन हिकडं. परत शेकतो."

आणि तो पुन्हा निखाऱ्यांजवळ जाऊन बसला.

तुझा,
तात्या